आमचा पाचवा कोच

नवा कोच ठरल्याची बातमी आली तेव्हा मी तळघरात सायकलच्या चाकात हवा भरत होतो. आमच्या इमारतीच्या केलरमध्ये फोनला रेंज नसते. वर आलो तर बायको माझा फोन हातात धरून दारातच उभी होती.

"तुझा तो गार्चिंगवाला सारखा फोन करतोय. कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना झालं?"

मी फोन लावला. पलीकडून नुसताच आरडाओरडा.

"आला! आला बे! सॉरी दादा. पण आला! आपल्याकडे आला!"

रविवारची दुपार होती. म्युनिकजवळच्या आमच्या उंटरश्लाइसहाइममध्ये रविवारी दुपारी कुणी खुर्ची ओढली तरी खालच्या मजल्यावरची बाई छताला काठी लावते. त्यात डिसेंबर तोंडावर आलेला, टेबलावर नाताळाआधीच्या आडव्हेंटची पहिली मेणबत्ती लावलेली, बाहेर चार वाजताच काळोखी दाटलेली. मी म्हटलं, "हळू बोल रे." तो म्हणाला, "दादा, आज हळू बोलायचा दिवस आहे का?"

मी खुर्चीवर बसलो. आनंद व्हायला हवा होता, हे मला कळत होतं. झाला नाही असंही नाही. पण तो कुठून तरी लांबून चालत येत होता आणि वाटेत दोनदा टेकला असावा.

कोण आला, कुठे आला, आणि त्याचं जर्मनीत बसलेल्या कोल्हापूरच्या माणसाला काय, हे सांगायला हवं.

मी एम. एस. केलं ते अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावात. गावात विद्यापीठ सोडलं तर दोन पेट्रोल पंप, एक बेकरी आणि भरपूर चर्चेस. त्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होता. हा फुटबॉल म्हणजे पाय जेमतेम लागणारा, अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा, माणसांनी माणसांवर आदळायचा खेळ. खेळणारी पोरं विद्यार्थीच, पण शनिवारी त्यांचा सामना असला की गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं तिथल्या स्टेडियममध्ये मावायची. पहिल्या शनिवारी माझ्या गाइडने त्याच्याकडचं एक जास्तीचं तिकीट मला दिलं. मला नियम एकही कळला नाही. पण पुढच्या ओळीतला एक म्हातारा रेफ्रीला ज्या जिव्हाळ्याने शिव्या घालत होता, ते ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि अंतिम सामन्याच्या आधी मामा-भाचे एकमेकांशी बोलणं टाकतात. आमच्याकडच्या माणसाला संघासाठी जीव टाकायला शिकवावं लागत नाही. फक्त संघ दाखवावा लागतो.

मी तिथे असताना संघ जिंकत होता. मी जर्मनीत मोटारींच्या कामाला आलो आणि तो हरायला लागला. त्यानंतर कोच आले आणि गेले. पहिला कडक होता म्हणून काढला, दुसरा मऊ होता म्हणून. तिसरा स्वतःच पळाला. चौथा भला माणूस होता. त्याला या नोव्हेंबरात काढलं. प्रत्येक वेळी मी नव्या माणसाची मुलाखत ऐकली, या खेपेला जमणार असं स्वतःला सांगितलं, आणि पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत ते सांगणं परत घेतलं.

हा सगळा भार मी एकट्याने वाहिला असता, पण आम्ही तिघे होतो.

एक ओपा. ओपा म्हणजे जर्मनमध्ये आजोबा. माझी लेक त्यांना तसं म्हणायची म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो. ते त्याच विद्यापीठात कित्येक वर्षांपूर्वी शिकलेले अमेरिकन. तरुणपणी सैन्यातून बव्हेरियात आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि राहिले. गिम्नाझियममध्ये, म्हणजे इथल्या हायस्कूलात, इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आमची ओळख झाली ती वेर्टश्टॉफहोफवर, म्हणजे जिथे गावातले लोक शनिवारी सकाळी मोडकं सामान वेगवेगळ्या कंटेनरमध्ये टाकायला येतात तिथे. मी जुनी गादी ओढत होतो, आणि समोर एक उंच म्हातारा आमच्या विद्यापीठाची विटकी टोपी घालून तुटकी इस्त्री बोर्डासकट फेकत होता. मी टोपीकडे बोट दाखवून संघाची घोषणा दिली. त्यांनी इस्त्री खाली ठेवली आणि उरलेली घोषणा पूर्ण केली. रांगेतल्या लोकांनी आमच्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

दुसरा गार्चिंगवाला. हा नागपूरचा पोरगा. आमच्याच विद्यापीठातून मास्टर्स करून इथे गार्चिंगला पीएच.डी. करत होता. संघाचे चांगले दिवस त्याने पाहिलेच नव्हते. हरणाऱ्या संघाच्या प्रेमात पडलेला माणूस तो, आणि अशा माणसाशी वाद घालता येत नाही.

शनिवारी तिथे दुपारचे बारा वाजले की इथे संध्याकाळचे सहा होतात. आम्ही ओपांच्या घरी जमायचो. त्यांची बायको, आमची ओमा, प्लमचा केक करायची. तिला खेळातलं काही कळत नसे. "आपले कोणते?" असं सुरुवातीला विचारायची आणि मग जो खाली पडेल त्याच्यासाठी हळहळायची. गेली दोनेक वर्षं ती "आपले कोणते?" हे पुन्हा पुन्हा विचारायला लागली होती. एका सामन्यात कितीतरी वेळा. ओपा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायचे, "लाल शर्टवाले, शाट्झ." शाट्झ म्हणजे लाडके. आम्ही दोघं त्या वेळी टीव्हीकडे बघत राहायचो.

त्या चौथ्या कोचशी ओपांचं एक नातं जुळलं होतं. आदल्या वर्षी ते ओमाला घेऊन अमेरिकेत गेले होते, तिला प्रवास जमेल तोवर एकदा जुनं विद्यापीठ दाखवावं म्हणून. सराव बघायला लोकांना आत सोडतात त्या दिवशी गर्दीत ओमा घाबरली, ओपांचा हात सुटला आणि ती मैदानाच्या कडेला गवतावर बसून रडायला लागली. कोच तिथून जात होता. तो तिच्या शेजारी गवतावर बसला. तिने त्याला अर्ध्या जर्मनमध्ये केकबद्दल सांगितलं, त्याने ऐकून घेतलं, लोणी किती घालायचं ते विचारलं, आणि ओपा येईपर्यंत उठला नाही. मागे त्याचे सहायक घड्याळं दाखवत उभे होते म्हणे. हे ओपांनी आम्हाला एकदाच सांगितलं. नंतर त्या कोचने कितीही सामने घालवले तरी ओपा त्याच्याबद्दल वाकडा शब्द बोलायचे नाहीत.

त्याला काढलं तेव्हा चाहत्यांनी आनंद केला. इंटरनेटवरच्या आमच्या चर्चेच्या पानावर लोकांनी त्याच्या घराच्या अंगणात कुणी तरी रोवलेल्या "विकणे आहे"च्या पाटीचा फोटो टाकला. खाली शेकड्याने हसरे चेहरे. गार्चिंगवाल्याने तो फोटो आमच्या तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला. ओपांनी फक्त "त्या घरात मुलं राहतात" एवढंच लिहिलं.

मग शोध सुरू झाला. अमेरिकेतल्या कॉलेजच्या संघाचा कोच शोधणं म्हणजे आपल्याकडे मोठ्या घरचं स्थळ शोधण्यासारखं असतं. सगळं गुपचूप, आणि सगळ्या गावाला माहीत. चाहते खाजगी विमानांचा माग काढतात. कुठलं विमान कुठून उडालं, कुठे उतरलं, त्यात कोण असेल. गार्चिंगवाला आपल्या प्रयोगशाळेत एका खिडकीत प्लाझ्माचे आकडे आणि दुसऱ्या खिडकीत विमानांचा नकाशा ठेवून बसायचा. "दादा, एक विमान दोन तास तिथे थांबून परत आलं. जेवायला थांबलं असेल. बोलणी झाली!" मी ऑफिसमधून "हं" लिहायचो.

ऑफिसमध्येही तेव्हा धामधूमच होती. आमच्या विभागाची पुन्हा एकदा फेररचना झाली होती आणि बाहेरून एक नावाजलेला प्रमुख आणला होता. त्याच आठवड्यात त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. कॅन्टीनमधली टेबलं हलवून स्टेज केलं, दिवे लावले, तो बाह्या सरसावून आला आणि "आपण एकत्र जिंकू" म्हणाला. माझ्या शेजारी बसलेला जुना जर्मन सहकारी पुटपुटला, "आल्झो, चला, पुन्हा सुरू." मग आम्ही दोघांनीही टाळ्या वाजवल्या. त्या माणसाबद्दल माझा राग नव्हता. मला फक्त घरी जाऊन झोपायचं होतं.

आणि मग त्या रविवारी हा फोन. आलेला कोच खरोखरच मोठा होता. दुसऱ्या एका बलाढ्य विद्यापीठाला त्याने विजेतेपदं मिळवून दिली होती. टीव्हीवर जाहिरातींत दिसायचा. असा माणूस आमच्याकडे येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. गार्चिंगवाला फोनवर रडत होता की हसत होता, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझी लेक तेव्हा चौदाची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. ती सोफ्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "फ्रॉइस्ट डू डिश निश्ट?" आनंद नाही का झाला तुला, असं विचारत होती.

"झाला की," मी म्हटलं.

"दिसत नाही," बायको म्हणाली.

"दमलोय जरा."

"हे तू गेल्या गणपतीपासून म्हणतोयस."

संध्याकाळी कोल्हापूरला वडिलांना नेहमीचा फोन केला. त्यांनाही सांगितलं, कारण आमच्या पेठेच्या संघाचे ते आयुष्यभराचे भक्त. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाहेरचा आणलाय व्हय?"

"हो बाबा."

"मग पोरं ऐकतील का त्याचं?" आणि माझं उत्तर यायच्या आत, "थंडी किती हाय तिकडं? कानाला बांधतोस न्हवं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोचचं स्वागत आणि पत्रकार परिषद इंटरनेटवर दाखवणार होते. आम्ही ओपांकडे जमलो. गार्चिंगवाला विद्यापीठाचा नवा लाल शर्ट घालून आला होता, हातात बर्फीचा डबा. ओमा दारात आली. तिने त्याला ओळखलं नाही, पण बर्फीचा डबा घेतला आणि त्याच्या गालावर हात ठेवला.

पडद्यावर विमानतळ दिसत होता. कुंपणाला लोक लटकलेले, बँड वाजतोय, बायका तान्ही मुलं डोक्यावर धरून उभ्या. विमानाचं दार उघडलं आणि तो बाहेर आला तेव्हा जो आवाज झाला, तो मी आपल्याकडे फक्त विसर्जनाच्या मिरवणुकीत ऐकला आहे. एक पन्नाशीचा माणूस कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडत होता. वार्ताहराने विचारलं, "काय वाटतंय?" तो नुसता मान हलवत राहिला. त्याला बघून मला भरून आलं, हे खरं आहे. मी स्वतः मनाने त्याच्या जागी दोनदा उभा राहिलो होतो, पहिल्या आणि तिसऱ्या कोचच्या वेळी.

गार्चिंगवाला सोफ्याच्या कडेवर बसून फोनवर सगळं चित्रित करत होता. "ओपा, बघा ना! ओपा!"

ओपा बघत होते. हात मांडीवर, चेहरा सपाट.

मग कोच बोलायला उभा राहिला. उत्तम बोलला. कुटुंब, परंपरा, माती, सगळं आलं. तो बोलत असताना ओपा शांतपणे म्हणाले, "त्याच्या तिकडच्या संघातल्या मुलांचा अजून एक सामना बाकी आहे."

"हो, पण ते असंच असतं, ओपा," गार्चिंगवाला म्हणाला.

"त्यांना त्याने फोनवर सांगितलं. सकाळी. मुलं नाश्त्याला बसली होती."

"सगळेच कोच असं करतात."

"मग सगळ्यांना करू दे. मी टाळ्या वाजवायलाच हव्यात असं नाही."

"पण आपण जिंकू ना आता! इतकी वर्षं तुम्हीच वाट बघताय. माझ्यापेक्षा जास्त." पोराचा आवाज चढला. "तुम्हाला नेमकं हवंय तरी काय? त्या आधीच्याने काय दिलं आपल्याला? एक तरी मोठा सामना?"

ओपा उठले. उठायला त्यांना वेळ लागायचा. गुडघ्यावर हात टेकून, एक पाय पुढे करून. तेवढ्यात ओमाने पडद्याकडे बोट दाखवलं.

"हाच का रे तो? माझ्या केकचं विचारणारा?"

"नाही, शाट्झ. तो गेला."

"कुठे?"

"घरी," ओपा म्हणाले, आणि चहा करतो म्हणून आत गेले. स्वयंपाकघरातून किटलीचा आवाज बराच वेळ आला, चहा काही आला नाही. परिषद संपल्यावर आम्ही कोट चढवले. मी आत डोकावून "येतो" म्हटलं. ते खिडकीपाशी उभे होते. मागे न बघता म्हणाले, "त्या मुलावर माझा राग नाही. त्याला सांग. पण पुन्हा पहिल्यापासून आशा धरायची, हे माझ्याच्याने होत नाही आता."

एस-बान लोकलच्या स्टेशनपर्यंत आम्ही चालत आलो. बर्फ नव्हता, नुसता ओला गारठा.

"दादा, माझं काही चुकलं का?"

"नाही रे."

"मग ओपांना काय झालं?"

मला सांगता आलं असतं. गवतावर बसलेल्या कोचची गोष्ट त्यालाही माहीत होती, फक्त त्याने ती या गोष्टीला जोडली नव्हती. मी म्हटलं, "दमलेत ते." त्याची गाडी आली आणि तो गेला.

दोन दिवसांनी ओपा ग्रुपमधून बाहेर पडले. पडद्यावर नुसती ती करडी ओळ आली. ग्रुपमध्ये आम्ही दोघंच उरलो, आणि दोघांनाच ग्रुप कशाला हवा, तरी तो तसाच राहिला. गार्चिंगवाला त्यात नव्या कोचच्या बातम्या टाकत राहिला: कुठला खेळाडू आणला, व्यायामशाळेला नवा रंग दिला, जेवणाचा तक्ता बदलला. मी अंगठा दाखवत राहिलो. ओपांना मी नाताळात फोन केला. त्यांनी हवापाण्याबद्दल बोलून ठेवला. मीही पुन्हा केला नाही. त्या हिवाळ्यात मी फारसं काहीच पुन्हा केलं नाही.

वसंतात त्यांचाच फोन आला. ओमा सकाळी नाइटगाऊनवर बसस्टॉपवर सापडली होती. आता तिला पुढच्या गावातल्या फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे वृद्धांच्या काळजीघरात जागा मिळाली होती. तिची आरामखुर्ची तिकडे न्यायची होती. नवी खुर्ची तिला चालत नव्हती. "तुझी गाडी मोठी आहे. आणि त्या मुलालाही बोलाव. एकट्याने उचलणार नाही ती."

गार्चिंगवाला आला. दारात पाय ठेवायच्या आधी तो जिन्यात थांबलेला मी पाहिला. अंगात तोच लाल शर्ट होता, लक्षात न येता घातलेला. तो घाईघाईने काढून उलटा करत होता. ओपा वरून बघत होते.

"सरळ घाल," ते म्हणाले. "शर्टाने काय केलंय?"

त्याने सरळ घातला. दोघांत एवढंच बोलणं झालं आणि ते पुरलं.

खुर्ची जिन्यातून उतरवताना घाम निघाला. भिंतीला एक ओरखडाही पडला. काळजीघरातल्या खोलीत ती खिडकीपाशी ठेवली. ओमा तिच्यात बसली, खुर्चीचे हात चाचपले आणि आम्हा तिघांकडे पाहून म्हणाली, "छान. आता घरी कधी जायचं?" ओपा तिच्यासमोर पलंगावर बसले. गार्चिंगवाल्यानेच खिशातून फोन काढला आणि तिला नागपूरच्या त्याच्या आजीचे फोटो दाखवायला लागला. मी खाली जाऊन गाडीत बसलो. स्टिअरिंगवर डोकं टेकून थोडा वेळ तसाच राहिलो.

सप्टेंबरात नवा हंगाम सुरू झाला. पहिला सामना बघायचा कुठे? ओपा म्हणाले, "मी तर संध्याकाळी तिच्याकडेच असतो." काळजीघरातल्या बैठकीच्या खोलीत मोठा टीव्ही होता. रात्रीचं जेवण तिथे साडेपाचलाच उरकतं, आणि शनिवारी संध्याकाळी खोली जवळजवळ रिकामी असते. व्यवस्थापिकेने आवाज कमी ठेवायच्या अटीवर परवानगी दिली.

असा आमच्या पाचव्या कोचचा पहिला सामना आम्ही चाकाच्या खुर्च्यांमध्ये बसून पाहिला. माझी लेकही आली, ओमासाठी म्हणून. एक गलेलठ्ठ बव्हेरियन आजीबाई आमच्या मागे येऊन बसल्या आणि कोच पडद्यावर दिसला की दर वेळी विचारायच्या, "हा कानाला काय लावून फिरतो? बहिरा आहे का?" लेकीने त्यांना समजावलं की तो त्यातून सूचना देतो. आजीबाई म्हणाल्या, "माझा नवरा पण द्यायचा. कुणी ऐकत नसे."

तो सामना आम्ही जिंकलो. गार्चिंगवाल्याने मला उचललं, ओपांना उचलायला गेला आणि थांबला. ओपांनी हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी धरून हलवला.

पुढचाही जिंकलो. मग एक हरलो, आणि मग हरतच गेलो. ज्यांनी विमानतळावर मुलं डोक्यावर धरली होती, त्यांचाच आवाज आता चर्चेच्या पानावर होता. हा लोभी आहे. याला आपल्या मातीचं काही नाही. याला हाकला. ऑक्टोबर संपायच्या आत कुणी तरी त्याच्याही अंगणात पाटी रोवली. आमच्याकडे म्हणतात ना, नव्याचे नऊ दिवस. अमेरिकेत तेवढेच असतात, फक्त मध्ये एक उन्हाळा येतो.

गार्चिंगवाला तोवर गार्चिंगवाला राहिला नव्हता. प्रबंध देऊन तो वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरच्या नोकरीत लागला होता, आणि शनिवारी तिथून फोन करायचा. "दादा, फसवलं यार आपल्याला. याला काढायला पाहिजे."

"आणि मग?"

"मग चांगला आणायचा."

तोच मग म्हणाला, "इथं रूम मिळाली. पण किचन नाही. जर्मन लोक किचन उचलून घेऊन जातात, दादा, माहीत होतं तुम्हाला?" मला माहीत होतं. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो, आणि ते बोलणं फुटबॉलपेक्षा बरं वाटलं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आम्ही मोठ्या फरकाने मागे होतो. तिकडे पाऊस पडत होता. कॅमेरा कोचच्या तोंडावर गेला आणि तिथेच थांबला. हरणाऱ्या कोचचा चेहरा दाखवायला त्यांना आवडतं. टोपीच्या टोकावरून पाणी गळत होतं. जाहिरातीतला तो माणूस ओळखूही येत नव्हता. डोळ्यांखाली पिशव्या, ओठ मिटलेले. स्टेडियममधली माणसं उठून जाताना मागे दिसत होती.

ओमाने त्या संध्याकाळी "आपले कोणते" हे विचारलंच नव्हतं. हल्ली ती फार बोलायचीच नाही. पण ती पडद्याकडे बघत होती, आणि एकदम स्पष्टपणे म्हणाली, "देअर इस्ट म्यूड."

दमलाय तो, असं म्हणाली ती.

ओपांनी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. वर्षभरात त्यांनी त्या कोचबद्दल एक शब्द उच्चारला नव्हता. तो दिसला की ते चष्मा पुसायचे. या वेळी त्यांनी चष्मा पुसला नाही.

"हो, शाट्झ," ते म्हणाले. "त्याला अजून मुलांना तोंड द्यायचंय. आत जाऊन."

"त्याला कुणी काही खायला दिलं का?"

"देतील."

"दे म्हणावं."

"सांगतो."

माझी लेक उठली, ओमाच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि तिच्या गुडघ्यावरची शाल नीट केली. मागच्या आजीबाईंना डुलकी लागली होती. तेवढ्यात एक परिचारिका आली आणि म्हणाली की आज रात्रपाळीला माणसं कमी आहेत, आठलाच खोली बंद करायची आहे, माफ करा. सामना संपायला अजून बराच वेळ होता. ओपांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

आम्ही ओमाला खोलीत पोहोचवलं. ओपा तिथेच थांबले. ती झोपेपर्यंत ते थांबतात. मी आणि लेक बसने घरी निघालो. ती खिडकीला डोकं लावून बसली होती. मी फोन खिशातून काढला नाही.

घरी बायकोने पिठलं केलं होतं. दोन घास खाल्ल्यावर तिनेच विचारलं, "काय झालं मग?"

मी तेव्हा फोन काढून पाहिलं. हरलो होतो.

"वाढू अजून?" ती म्हणाली.

मी ताट पुढे केलं.